चहाला थांबलं की रुसते, ती गाडी

तुमची जुनी अँबॅसेडर गरम झाली की नीट सुरू होत नाही, म्हणून रेडिएटर बदलू का, असं विचारलंय. बदलायची घाई करू नका. तुम्हीच लिहिलंय, पळताना ठीक, दहा मिनिटं थांबून परत स्टार्ट केली की अडखळते. म्हणजे कूलिंगचा दोष कमी, साठलेल्या उष्णतेचा जास्त. जुन्या १४८९ सीसी अँबॅसेडरमध्ये कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि एक्झॉस्ट (जळालेला गरम धूर बाहेर नेणारा भाग) इंजिनाच्या एकाच बाजूला. इंजिन बंद, पंखा बंद, मग खालची सगळी धग वर चढते आणि फ्लोट बाऊलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल उकळून इंजिनात जादा जातं. मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांचा भाग) आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये बेकेलाइटचा स्पेसर (उष्णता अडवणारा जाड तुकडा) अन् धग अडवणारी पत्र्याची हीट शील्ड आहे का, ते आधी बघा. बऱ्याच गाड्यांमधली शील्ड कुठल्यातरी मेकॅनिकने ‘नडते’ म्हणून काढून टाकलेली असते! गरम स्टार्टला चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) अजिबात नको. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका. ओलं फडकं टाकणं इंजिनाजवळच्या पेट्रोल पोचवणाऱ्या पंपासाठी ठीक, कार्ब्युरेटरच्या या त्रासाला फारसं कामाचं नाही.