मदत हवी आहे: पणजीच्या पुतळ्यांच्या माळेतलं एक नाणं ओळखायचंय

नमस्कार मंडळी,
माझ्या पणजीची पुतळ्यांची माळ वाटण्यांमध्ये तुटली, आमच्या वाट्याला एकच पुतळी आली. वरच्या कडेला सोन्याची कडी डाखलेली आहे. कडीसकट वजन ३.६ ग्रॅम, आकार साधारण जुन्या पंचवीस पैशांपेक्षा थोडा मोठा, पत्रा पातळ, बोटाने दाबला तर वाकेल असा.

एका बाजूला दोन माणसं: एक उभा, दुसरा गुडघ्यावर, मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात एक आकृती आणि भोवती चांदण्या. आजी ठामपणे सांगायची, राम-लक्ष्मण-सीता! प्रत्यक्षात हे इटलीतल्या व्हेनिसच्या डुकाटचं (तिथल्या सोन्याच्या नाण्याचं) चित्र आहे एवढं कळलं: संत मार्क, त्याच्यासमोर तिथला डोजे (प्रजासत्ताकाचा प्रमुख), आणि मागच्या बाजूला येशू. हे नाणं १२८४ पासून व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपेपर्यंत निघत होतं, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम.

अडचण अशी की आपल्याकडच्या सोनारांनीही त्याच्या नकला पाडल्या. माझ्या नाण्यावरची अक्षरं काही ठिकाणी नुसत्या रेघा वाटतात, चेहरे तर ठिपकेच. ही झीज की नक्कल? अस्सल असेल तर डोजेचं नाव नक्की कुठे वाचायचं? कडी काढावी का, की तशीच ठेवावी? सराफ म्हणतो, "वितळवून बांगडीत घाला," म्हणून घाई. (वितळवणार नाहीये, आईने दम दिलाय.)

कुणाच्या घरी अशी पुतळी असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो टाकाल का? ताडून बघते.