जामनगरजवळ नराराला प्रवाळ बघायला जायचंय, २६ जानेवारीला जाऊ का?

मांजलपूरकर:
नमस्कार मंडळी. पोरांनी टीव्हीवर कुठल्यातरी क्रूझवरून दिसणारं प्रवाळ बघितलं तेव्हापासून घरात एकच धोशा लावलाय. क्रूझचे रेट बघून मी गप्प बसलो, पण ऑफिसात एकजण म्हणाला अरे आपल्या गुजरातेतच आहे की, जामनगरच्या पुढे नरारा, तिथे पोहायलाही लागत नाही, चालत चालत बघायचं. खरंय का? २६ ला सोमवार आहे म्हणजे तीन दिवस सुट्टी. सोबत बायको, ८ आणि १२ ची मुलं आणि आई, तिचे गुडघे दुखतात.

दांडियाबाजारवाली:
खरंय. पण सुट्टी बघून जाऊ नका हो, ओहोटी बघून जा!! आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीवाला "चालशे चालशे" करत आधी द्वारका करवून भलत्याच वेळी घेऊन गेला, समोर नुसतं पाणी, भरती लागलेली, मग काय काठावर बसून बडोद्याहून नेलेला लीला चिवडा संपवला आणि परत.
ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे जाते, त्यामुळे गेल्या आठवड्यात कुणी गेलं त्याची वेळ तुम्हाला कामाची नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी खूप आत जातं आणि खडक उघडे पडतात, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फारसं आत जातच नाही, तेव्हा मजा नाही. पंचांग आणि ओख्याचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल दोन्ही घेऊन बसा. पाणी पार खाली जायच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्याच्या मागे मागे चालत जायचं, आणि गाईड चला म्हणाला की फोटो सोडून परत.
दुसऱ्या खेपेला बघायला मिळालं सगळं. माझ्या पायाशी एक दगड होता तो चालायलाच लागला, ऑक्टोपस! रंग असा बदलला की मिस्टरांना दाखवेपर्यंत परत दगड. पफर फिश, समुद्रकाकडी, खेकडे तर विचारू नका, आणि मेंदूसारख्या वळ्या असलेलं प्रवाळ. जुने कॅनव्हासचे बूट घाला, माझी एक चप्पल अजून त्या चिखलात आहे.

जुना_बडोदेकर:
वरच्या ताईंशी सहमत. एक सांगतो, प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारक्या जिवांची वसाहत आहे, पाय पडला की मेलं. वाळूवरून चाला. आणि मुलांना आधीच दम द्या, तुकडा खिशात घालायचा नाही, वाघाला जे कायद्याचं संरक्षण तेच प्रवाळाला आहे. नरारा ज्यात येतं ते देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ चं, वनखात्याची परवानगी लागते.
थोडं अवांतर, पण आपल्या गावचं म्हणून. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा भाग, बडोद्याच्या गायकवाडीत होतं, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने तिथल्या समुद्रातल्या जिवांची पाहणी करून घेतली होती, जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून. अहवालाचा पहिला भाग १९०९ ला छापला. बडोद्याला समुद्र नाही पण महाराजांना होता :)
आईंना नराराला चालवू नका, शेवाळं फार निसरडं असतं. त्यांना खिजडियाच्या पक्षी अभयारण्यात न्या, बंधाऱ्याच्या एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं, थंडीत पक्षी भरपूर.

पर्थची_भाची:
माझी मावशी ऑस्ट्रेलियात किंबर्लीच्या क्रूझवर जाऊन आली. तिथे मॉन्टगोमेरी रीफ म्हणून प्रवाळाचा मोठा खडक आहे, ओहोटीला तो अख्खा समुद्रातून वर आल्यासारखा दिसतो आणि कडांवरून पाण्याचे धबधबे पडतात, भरती-ओहोटीत १० मीटरच्या वर फरक. पण सगळं रबरी बोटीत बसून, कारण त्या किनाऱ्याला खाऱ्या पाण्यातल्या मगरी. नराराचे फोटो पाठवले तर म्हणते तुम्ही पाय बुडवून बघता?? जळली थोडी. बाकी कच्छच्या आखाताचं पाणी गढूळ असतं, स्नॉर्केलिंगच्या जाहिरातींसारखं निळंशार धरून जाऊ नका.

मांजलपूरकर:
बापरे, बरं झालं विचारलं. कालनिर्णय काढलं तर २६ ला नेमकी अष्टमी! पौर्णिमा १ फेब्रुवारीला, रविवार. शनिवारी रात्रीच्या सौराष्ट्र मेलने निघालो तर रविवारची ओहोटी सापडेल का ते बघतो, नाहीतर सोमवारी शाळेला दांडी. आईला खिजडियाचं सांगितलं तर म्हणते पक्षी नंतर, मला तो चालणारा दगड बघायचाय. आता तिला कोण समजावणार

दांडियाबाजारवाली:
काठी द्या हातात आणि काठावरच्या पहिल्या डबक्यांपर्यंत न्या, खेकडे तिथेही असतात. ऑक्टोपसचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, पाठवते.