स्विंग म्युझिक अन् तो नाच नेमका आला कुठून?

क्लॅरिनेटवाला_दर्यापूर:
राजेहो, मी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. यूट्यूबवर बेनी गुडमनचा व्हिडिओ दिसला, आपलंच वाद्य पण असं वाजू शकते हे मले माहीतच नोतं. तो ठेका असा झुलते काऊन? अन् तिथं पोरगा पोरीले पाठीवरून पलटी मारवते तो कोणता नाच हाये? इकडं कोणाले इचारावं बाप्पा.

वऱ्हाडी_कानसेन:
भाऊ, गुडमन तर मागून आला. हे मूळचं अमेरिकेतल्या काळ्या लोकायचं संगीत. न्यूयॉर्कात फ्लेचर हेंडरसनच्या बँडात 1924 मध्ये लुई आर्मस्ट्राँग आला अन् त्याच्या ट्रम्पेटनं बँडाची चालच बदलली. 1935 मध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये गुडमन गाजला तो हेंडरसनच्या अरेंजमेंट (कोणत्या वाद्यानं कुठं काय वाजवाचं ती बांधणी) वाजवून, अन् 'किंग ऑफ स्विंग' कोण, तर गोरा गुडमन. घ्या आता.
ठेक्याचं म्हणशीन तर मात्रेचे दोन तुकडे सारखे नसतात, पहिला लांब दुसरा आखूड, दादऱ्यात तीनचं वजन असते ना तसं काहीसं, लय वाढली की हा फरक कमी होते. त्यात ट्यूबा, म्हणजे फुंकाचं जाड आवाजाचं वाद्य, जाऊन डबल बास हे मोठं उभं तारवाद्य आलं, ते चारही मात्रांवर सूर देत चालाले लागलं.

पाय_थांबत_नाही:
नाच म्हणजे लिंडी हॉप. न्यूयॉर्कातल्या काळ्या लोकायच्या वस्तीत, हार्लेमात, 1926 मध्ये सेव्हॉय बॉलरूम उघडला, तिथं काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचत, त्या काळात हे लय मोठं. चार्ल्सटन नावाच्या नाचाच्या पायात जोडीचा नाच मिसळला. पाठीला पाठ लावून पोरगी पलटवाची, हे तिथल्याच नाचणाऱ्या फ्रँकी मॅनिंगनं 1935 मध्ये केलं. सेव्हॉयले स्टेज दोन, एक बँड थांबला का दुसरा सुरू. 1937 मध्ये गुडमन तिथं तिथल्या ड्रमवाल्या चिक वेबच्या बँडासंग भिडला अन् हरला. नाचणाऱ्यायले हलवता आलं नाही तर तिथं बँडाची किंमत शून्य, वरातीत नाही का तसंच.

अमरावतीकर:
अन् आपल्या अमरावतीत जन्मलेले भगवानदादा इसरले काय? 1951 चा 'अलबेला' पाय, सी. रामचंद्रचं संगीत अन् पडद्यावर ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचा जॅझ बँड.

क्लॅरिनेटवाला_दर्यापूर:
आमच्याकडं बास नाही, युफोनियम हे पितळी फुंकवाद्य हाये. जमन काय?

वऱ्हाडी_कानसेन:
जमते, हळू लयीत धरजो. साइड ड्रमवाल्याले दोन अन् चार मात्रेवर मारायले लाव, तो घडीघडी एकवरच येईन पाय.