डेड खोलीत ड्रमला माइक किती, चार की आठ?

टिळकवाडीकर:
आमची रेकॉर्डिंगची खोली १० बाय ९ फूट, छत ८ फुटांवर. भिंतींना रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), छताला वाकळा. टाळी वाजवली की आवाज जागीच मरतो. माझं ठाम मत आहे, इथं चारच माइक लावावेत: किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) आणि ब्रिटिश रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्सच्या पद्धतीचे दोन. एक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉम ड्रमच्या) बाजूनं, दोन्ही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर. दोरीनं मोजा. ड्रमरच्या हाताचा तोल तसाच्या तसा मिळतो. टॉमागणिक माइक लावून आपण तो मोडतो आणि मिक्सिंगला बसून जोडत राहतो.

शहापूरकर:
नाही पटलं. लांबचा माइक खोलीची हवा, म्हणजे तिचा घुमारा, टिपतो, आणि तुमच्या खोलीत ती शिल्लकच नाही. मग येणार काय? झांजा आणि कोरडा ठोका. डेड खोली सुटा आवाज देते, तो घ्या की! प्रत्येक टॉमला माइक, स्नेअरला वर-खाली दोन, खालच्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी. रिव्हर्ब (नकली घुमारा) नंतर हवा तसा घाला.

टिळकवाडीकर:
सुटा कुठला? लहान खोलीत झांज टॉमच्या माइकपासून वीतभर असते. आठही माइकांत ती शिरते, प्रत्येकात वेगळ्या वेळेला. फसफस वाढते.

शहापूरकर:
झांजा चार बोटं वर चढवा, माइकची पाठ त्यांच्याकडं करा. कार्डिऑइडला (समोरचं जास्त टिपणाऱ्या माइकला) मागचं कमी ऐकू येतं. आमच्याकडं लग्नाच्या बँडमधनं आलेली पोरं वाजवतात, सगळा जोर झांजेवर. त्यांचा 'तोल' जसाच्या तसा घेतला तर गाणं बुडतं.

खानापूरकर:
दोघंही छत विसरलात. मी वरचा माइक छताखाली अर्ध्या फुटावर टांगला होता. छताला आपटून परतणारा आवाज फूटभर जास्त फिरतो, ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, थेट आवाजाला खोडतो आणि ५६० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. स्नेअर पोकळ वाजला. माइक खाली घेतला, वर सहा इंची रॉकवूल बसवलं, तेव्हा सुधारलं. वाकळ फक्त वरचे सूर पिते. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झ घुमतच राहतो, आणि किकचा दम तिथंच असतो. आधी कोपरे भरा, माइक मग मोजा.

निपाणीकर:
एक माइक दाराबाहेर जिन्यात ठेवून बघा, दार उघडं ठेवून. हवा तिथं मिळेल. खरं पावसात नको, पत्र्याचा आवाज सगळा त्यात उतरतो.

टिळकवाडीकर:
जिना आहे, शहाबादी फरशीचा. पाऊस उघडला की एकच ठेका दोन्ही पद्धतींनी घेतो, जिन्यातल्या माइकसकट. शहापूरकर, तुमची पोरं घेऊन या.