स्ट्रेटनिंगच्या क्रीमनं डोकं भाजलं, भरपाई कशी मागायची? कोल्हापुरातला वकील सुचवा (बजेट ५ हजार)

शाहूपुरीची_मृणाल:
नमस्कार मंडळी. दिराच्या लग्नासाठी राजारामपुरीतल्या एका पार्लरमध्ये केस स्ट्रेटनिंग करून घेतले. नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका. क्रीम लावून मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेली. उजव्या कानामागं आग व्हायला लागली तशी मी हाक मारली, तर "मॅडम, थोडं चुरचुरणारच, त्याशिवाय केस बसत नाहीत" एवढंच उत्तर आलं. धुतलं तेव्हा कानामागची आणि मानेवरची कातडी लालभडक झालेली. रात्री फोड आले. सकाळी उशीचा अभ्रा जखमेला चिकटला होता, तो पाण्यानं भिजवून सोडवावा लागला.

त्वचारोगतज्ज्ञांनी कागदावर केमिकल बर्न लिहिलंय. कानाच्या वर रुपयाएवढ्या जागेतले केस गेलेत. तिथं परत येतील का, हे आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. मी महाद्वार रोडला साडीच्या दुकानात काउंटरला असते, सध्या बिनपगारी रजेवर आहे.

पार्लरला ४,५०० रुपये यूपीआयनं दिलेत, बिल दिलं नाही. मालकीणबाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आहे, "मुलगी नवीन आहे, तिच्याकडून वेळ जास्त झाला." आता म्हणतात, निम्मे पैसे परत देते, तीन हेअर स्पा फुकट करून देते, पण "माझी काही तक्रार नाही" असं लिहून सही करा.

सही करू का? आणि ग्राहक आयोगाचं काम करणारा, ५ हजारांच्या आत फी घेणारा वकील कुणाला माहीत आहे का? त्याच्यावर एक रुपया माझ्याकडं नाही, औषधांतच बराच पैसा गेलाय.

रंकाळ्याचा_वारा:
ताई, आमच्या पाहुण्यांतले एक वकील आहेत, ग्राहक आयोगातलं त्यांचं काम एक नंबर. ३५ हजार घेतात, पण माणूस वाघ आहे. माझ्या फ्रिजची केस त्यांनीच लढवली. फ्रिजचे सगळे पैसे, वर त्रासाचे वेगळे, आणि कंपनीचा माणूस घरी येऊन चेक देऊन गेला. वकिलात काटकसर करू नका.

पेठेतली_पोरगी:
दादा, ५ हजार लिहिलंय तिनं. ३५ कुठनं आणू दे?
मृणाल, सही अजिबात करू नकोस. निम्मे पैसे म्हणजे सव्वादोन हजार, तेवढी तर तुझी मलमं झाली असतील. आणि जिथं डोकं भाजलं तिथंच परत स्पा कोण करून घेईल!

सुषमाकाकू_कळंबा:
अगं बाळ, वाचून अंगावर काटा आला. आमच्या वेळी शिकेकाई आणि रिठा, बास. तू जास्वंदीचं तेल लाव, मी घरी करते, माझ्या सुनेचे गेलेले केस त्यानंच आले. कोरफडीचा गर पण लाव. सुनेनं केराटिन केलं होतं, त्यात इतका धूर झाला की डोळ्यांतनं पाणी थांबेना. मी तिला सांगत होते.

कळंब्याची_अनघा:
काकू, ओल्या जखमेवर तेल आणि गर नको, जंतुसंसर्ग होईल. डॉक्टरांनी दिलंय तेवढंच लावू दे. धुराचं मात्र खरं आहे. बऱ्याच केराटिनच्या क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड असतो किंवा इस्त्रीच्या उष्णतेनं तयार होतो, तोच डोळ्यांना झोंबतो.

बापू_बावडेकर:
सरळ पोलीस स्टेशनला जावा. निष्काळजीपणानं इजा केली म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतंय. त्या पोरीवर आणि मालकिणीवर दोघींवर गुन्हा घाला. आणि आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, १८ ऑगस्ट २०२५ पासनं. मुंबईची वारी संपली. भिऊ नका, कोर्ट आपल्या दारात हाय.

उचगावकर_संजय:
बापू, बेंचचा आनंद मलाही आहे, पण ही तक्रार तिथं सुरू होत नाही. ती जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात करायची. मी गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल स्वतः तक्रार चालवलीय, वकिलाशिवाय. मृणालताई, सविस्तर लिहितो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली की तक्रार करता येते, पार्लरची सेवाही त्यात आली. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. अर्ज ऑनलाइनही होतो, आधी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती पोर्टल आहे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. निकाल ३ महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, माझे लागले. तयारी ठेवा.

रंकाळ्याचा_वारा:
पण कोर्ट फी? ५ लाख मागितले तर त्या हिशोबानं फी भरावी लागते. म्हणून म्हणतोय, वकील घ्या.

उचगावकर_संजय:
तो जुन्या, १९८६ च्या कायद्याचा हिशोब झाला. तेव्हा मागितलेली भरपाईसुद्धा धरायचे. आता सेवेसाठी किती पैसे मोजले तेवढंच बघतात. ५ लाखांपर्यंत मोजले असतील तर फी शून्य. ताईंनी ४,५०० मोजलेत, म्हणजे भरपाई कितीही मागितली तरी फी नाही.

पेठेतली_पोरगी:
हे भारी आहे! मग मोठा आकडा माग गं. दिल्लीत फाइव्ह स्टार हॉटेलातल्या सलूनमध्ये केस चुकीचे कापले म्हणून एका मॉडेलला २ कोटी दिले होते. तुझं तर डोकं भाजलंय. ५० लाख माग.

उचगावकर_संजय:
त्या बातमीचा पुढचा भागही वाचा. राष्ट्रीय आयोगानं २०२१ मध्ये २ कोटी दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रक्कम रद्द केली. सेवेत कसूर झाली हे मान्य, पण नुकसान कागदावर दाखवा आणि त्यावरनं रक्कम ठरवा, असं सांगून प्रकरण परत पाठवलं. म्हणून प्रत्येक रुपयामागं कागद ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं, रजेबद्दल दुकानाचं पत्र आणि त्यात पगार किती कापला तो आकडा.

पार्लरवाली_कसबा_बावडा:
मी हाच व्यवसाय करते, त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळ्या पार्लरवाल्यांना एका माळेत ओवू नका. स्ट्रेटनिंगची क्रीम मुळापासून अर्धा इंच सोडून लावायची असते, कातडीला लागू द्यायचीच नाही. मधे मधे एक बट पुसून, ताणून बघायचं. कुठल्या केसाला किती वेळ, हे खोक्यावरच्या सूचनेत असतं. आधी कानामागं थोडी लावून बघायची, आग झाली तर काम घ्यायचं नाही. गिऱ्हाइकानं "जळतंय" म्हटल्यावर त्याच क्षणी धुवायचं, दुसरं कुणी खुर्चीत असलं तरी. हे सगळं नव्या मुलीला शिकवणं मालकिणीचं काम आहे.

मृणाल, त्या क्रीमचं नाव आणि बॅच नंबर मिळव. खोक्याचा फोटो मागून बघ. तू त्या दिवशी घातलेल्या कपड्यांवर क्रीम सांडली असेल तर तो कपडा धुवू नकोस.

पण आमचंही ऐका. लग्नसराईत बायका दोन दिवस आधी येतात आणि "आजच करा" म्हणून बसतात. क्रीम लावून बघू म्हटलं की शेजारच्या पार्लरमध्ये जातात.

सुषमाकाकू_कळंबा:
म्हणजे चूक गिऱ्हाइकाची का? आमच्या सुनेला तर कुणी काही लावून बघितलं नाही.

पार्लरवाली_कसबा_बावडा:
काकू, मी तसं म्हटलेलं नाही. मृणालच्या बाबतीत चूक शंभर टक्के पार्लरची आहे. मालकिणीनं स्वतः लिहून दिलंय की.

कळंब्याची_अनघा:
तो मेसेज फार महत्त्वाचा आहे. चॅट डिलीट करू नकोस, एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल कर, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घे. फोन बदलू नकोस. जखमेचे फोटो रोज एकाच उजेडात काढ. मी नर्स आहे म्हणून सांगते, भाजलेली जागा भरायला लागली की पहिल्या दिवशी काय होतं ते नंतर कुणाला पटत नाही. डॉक्टरांकडून फक्त "केमिकल बर्न" नको. कशामुळं झालं, किती जागा, डाग राहण्याची शक्यता आणि पुढच्या उपचारांचा अंदाजे खर्च, एवढं लिहून घे.

बापू_बावडेकर:
तेच म्हणतोय मी. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात जाऊन मेडिकल करून घ्या, मग पोलीस. कागदाला वजन येतंय.

दिपाली_गडहिंग्लज:
इन्स्टावर रील टाका. पार्लरचं नाव, फोटो, सगळं. दोन तासांत पैसे आणून देतील. माझ्या मैत्रिणीनं केकवाल्याचं असंच केलं होतं.

कळंब्याची_अनघा:
केक आणि हे एक नाही. उद्या त्यांनी उलट बदनामीची तक्रार केली तर हिनं आपली जखम सांभाळायची की ती तारीख?

रंकाळ्याचा_वारा:
बिल नाही हाच मोठा घोळ आहे. बिल नसेल तर केस उभीच राहत नाही, फ्रिजच्या वेळी वकिलांनी पहिल्यांदा बिलच मागितलं होतं.

उचगावकर_संजय:
यूपीआयची नोंद आहे, बँकेचं स्टेटमेंट आहे, वर मालकिणीचा मेसेज. पैसे दिल्याचं त्यावरनं सिद्ध होतं. बिल न देणं ही नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, तो मुद्दाही तक्रारीत घाला.

आणखी एक. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. ती हेल्पलाइन भरपाईचा हुकूम देत नाही, समोरच्याशी बोलून मिटवायचा प्रयत्न करते. तरी नोंद राहते. मग स्वतःच्या सहीची नोटीस, १५ दिवसांची मुदत घालून, स्पीड पोस्टानं. पावती जपून ठेवा. आयोगात गेल्यावरही दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीकडं पाठवतात.

आणि निकाल तुमच्या बाजूनं लागूनही पैसे दिले नाहीत तर कलम ७२ खाली १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे त्यांनाही माहीत असलेलं बरं.

पेठेतली_पोरगी:
बघ, सगळे तेच म्हणतायत. सही नको, फोटो काढ, मोठा आकडा माग. निदान ५ लाख तरी. मानसिक त्रास म्हणून काही आहे की नाही? लग्नाच्या फोटोत तू डोक्यावर पदर घेऊन उभी होतीस ना?

शाहूपुरीची_मृणाल:
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं, घरात बोलले, डॉक्टरांकडनं अनघाताईंनी सांगितलं तसं लिहून आणलं. मोतिया रंगाची ओढणी होती, तिच्यावर क्रीमचा डाग आहे, न धुता पिशवीत घालून ठेवलीय.

ठरवलंय ते सांगते. सही करणार नाही. वकीलही करणार नाही, ३५ चा नाही आणि ५ चाही नाही. रील नाही.

बापूकाका, पोलिसांतही जाणार नाही. ती मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. पाणी ओतताना तिचे हात थरथरत होते. तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि एकाच वेळी दोन खुर्च्या सांभाळायला लावलं होतं. नोटीस फक्त मालकिणीच्या नावानं काढणार, पार्लर त्यांचं, पैसे त्यांनी घेतले.

आणि मी ६८ हजार मागणार. पार्लरला दिलेले ४,५००, आतापर्यंतचा औषधपाणी आणि डॉक्टरांचा खर्च ११,२००, कापलेला पगार १४,०००, डॉक्टरांनी लिहून दिलेला पुढच्या उपचारांचा अंदाज १८,३००, आणि त्रासाचे २०,०००. तुम्हाला कमी वाटेल. पण यातल्या ४८ हजारांचा कागद माझ्या हातात आहे आणि प्रत्येक आकडा मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगू शकते. १५ दिवसांत दिले तर विषय संपला, नाही दिले तर आयोगात जाणार.

पेठेतली_पोरगी:
फार कमी मागतेयस. माझं मन मानत नाही. लग्नात पदर घेऊन उभं राहायचं आणि त्याचे २० हजार?

बापू_बावडेकर:
पोरीचं सोडा, ते पटलं मला. पण मालकिणीला तरी पोलीस स्टेशनची पायरी दाखवायला पाहिजे होती.

रंकाळ्याचा_वारा:
ताई, तुमची मर्जी. नोटीस तरी वकिलाच्या लेटरहेडवर काढा, वजन पडतं. नंबर इनबॉक्समध्ये टाकलाय.

पार्लरवाली_कसबा_बावडा:
मृणाल, क्रीम किती वेळ ठेवायची असते आणि कातडीला लागली तर काय करायचं, हे त्या कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ब्रँड कळला की मला सांग, माझ्याकडं असेल तर पत्रकाचा फोटो पाठवते. या धंद्यात माझी बरीच वर्षं गेलीत, गरज पडली तर आयोगापुढं तसं प्रतिज्ञापत्रही देईन.

शाहूपुरीची_मृणाल:
ताई, हे तुम्ही स्वतःहून म्हणालात, खूप आधार वाटला. ब्रँड विचारून कळवते. संजयदादा, नोटीस मराठीत चालेल ना? आणि आयोगात गेलेच तर माझ्या तक्रारीला प्रतिज्ञापत्र लागतं का?

उचगावकर_संजय:
नोटीस मराठीतच काढा, मालकीणबाईंना नीट समजेल. तक्रारीसोबत तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल, ते नोटरी करून घ्या. कागदांना पान नंबर घालून सुरुवातीला यादी जोडा. नोटिशीचा मसुदा झाला की नावं आणि पत्ते काढून इथं टाका, बघून सांगतो.