कंपनीतला वेलनेस प्रोग्रॅम: खरंच काही फरक पडतो, की नुसते योगदिनाचे फोटो?

चाकणची_एचआर
नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर बघते. साधारण सहाशे माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी. यंदा पहिल्यांदाच व्यवस्थापनाने 'वेलनेस'साठी वेगळं बजेट दिलंय. पुण्यातल्या एका एजन्सीचं पॅकेज समोर आहे: वर्षातून एकदा रक्ततपासणी, आठवड्यातून दोनदा योगवर्ग, स्टेप चॅलेंज (फोनवर पावलं मोजायची स्पर्धा), समुपदेशनाची हेल्पलाइन, आहारतज्ज्ञ आणि हे सगळं एका ॲपवर. माझं मत आधीच सांगते, काहीच न करण्यापेक्षा हे बरं. विरोधी मतं हवीच आहेत, पण 'सगळं ढोंग असतं' एवढंच लिहून पळू नका, का ते सांगा.

रात्रपाळी
का ते सांगतो. मी प्रेसशॉपला आहे, जिथे मोठ्या प्रेसवर पत्र्याचे भाग ठोकतात (तुमच्या कंपनीत नाही, घाबरू नका). आमची पाळी दर आठवड्याला फिरते. तिसरी पाळी सुटली की बस पकडून खोलीवर पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असतात. वर पत्रा, बाजूला बांधकाम. झोप लागते न लागते तोच दुपार होते. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी, म्हणजे पहाटे चारला उठा. या माणसाला तुम्ही संध्याकाळी सहाला प्राणायामाला बोलावणार. येतं कोण? जनरल शिफ्टवाले, ज्यांना एसी आहे आणि खुर्ची आहे. २१ जूनला गेटवर बॅनर लागतो, पहिल्या रांगेत प्लांट हेड शवासनात, फोटो निघाला की खेळ खलास. आहारतज्ज्ञ आणताय तर त्यांना रात्री दोनला कॅन्टीनमध्ये आणा. गार वडा, पाव आणि पाक केलेला चहा. त्याची कॅलरी मोजा म्हणावं.

आयटीतला_आळशी
आमच्या स्टेप चॅलेंजमध्ये पहिला आलेल्या गड्याने फोन मुलाच्या पाळण्याला बांधला होता. बक्षीस मिळालं फिटनेस बँड. तोही पाळण्यालाच असणार आता.

फॅक्टरी_डॉक्टर
रात्रपाळी यांचं म्हणणं अर्धंच पटलं. शिबिरांवर हसणं सोपं आहे. मी बरीच वर्षं औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांचा डॉक्टर म्हणून काम करतोय. पस्तिशीची, दिसायला ठणठणीत माणसं बीपी १७०/११० घेऊन मशीनवर उभी असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. ती आपणहून दवाखान्यात कधीच गेली नसती, कारण दवाखाना म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे पगारातून कपात. ती सापडतात कंपनीच्या गेटातच. त्यामुळे तपासणी हवीच. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रम संहितांनुसार चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी ही मालकाचीच जबाबदारी आहे. ती 'वेलनेस' म्हणून मिरवायची गोष्ट नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. एजन्सी रिपोर्ट हातात देते आणि टेम्पोत सामान भरून निघून जाते. साखर २४० निघाली, पुढे काय? गोळी कोण देणार, दर महिन्याला कोण बघणार, त्या दिवशी त्याला दोन तास सोडणार का? ताई, पैसे तिथे घाला. ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) बसणारे किती आणि महिना २१,००० रुपये पगाराच्या मर्यादेच्या वर गेल्यामुळे बाहेर पडलेले किती, ही यादी आधी करा. दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

आणखी एक. तुमच्या पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी नक्की असेल, ऑडिओमेट्री म्हणजे कानाची तपासणी नसेल. पैज लावतो. कारखान्यांच्या नियमांत आवाजाला आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात होता, म्हणजे सापडला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला कळवायचा. प्रेसशॉपमधल्या माणसाचा कान हळूहळू जातो आणि घरचे म्हणतात, हल्ली हे लक्षच देत नाहीत.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत हा मोठा धंदा आहे, म्हणून चार शब्द. वजन-बीपी मोजून घ्या, ॲपवर फॉर्म भरा, विम्याच्या हप्त्यात सूट मिळवा. मीही दरवर्षी भरतो, सूट कोण सोडणार. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून जेव्हा हे तपासलं गेलं तेव्हा हाती फारसं लागलं नाही. इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. उपचारांचा खर्च कमी झाला नाही, रजाही कमी झाल्या नाहीत. जे हौसेने सामील झाले ते आधीपासूनच जास्त निरोगी होते. दुसरा प्रयोग एका घाऊक दुकानांच्या साखळीत, सुमारे ३३,००० कर्मचारी आणि १६० ठिकाणं. दीड वर्षानंतर लोक 'आम्ही व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो' असं जास्त सांगू लागले, पण बीपी, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी होती तिथेच. दोन्ही निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. एजन्सीवाले दाखवतात तो आलेख बहुतेक वेळा 'सामील झालेले विरुद्ध न झालेले' असा असतो. त्यात गफलत आहे.

चाकणची_एचआर
@न्यूजर्सीकर, माहितीबद्दल आभार, पण मला हे जसंच्या तसं इथे लावता येत नाही. विद्यापीठातल्या माणसाला स्वतःचा डॉक्टर असतो, विमा असतो. माझ्याकडच्या पोरांनी आयुष्यात रक्त तपासलेलं नसतं. ज्याला आपलं बीपी आधीच माहीत आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांना एकाच प्रोग्रॅमचा सारखाच फायदा कसा होईल?

@रात्रपाळी, तुमचं दुखणं खरं आहे, पण पाळ्या प्रॉडक्शन ठरवतं. कॅन्टीनचा ठेका ॲडमिनकडे. माझ्या हातात हे बजेट आहे. ते वापरलं नाही तर मार्चला परत जाईल आणि पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही.

रात्रपाळी
मग ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडून काहीच मागायचं नाही का? आरोग्य बिघडवायचं एका खात्याने आणि सुधारायचं दुसऱ्याने! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे नऊऐवजी बारा तास करायला मंजुरी दिली. बारा तासांच्या पाळीवर आता मेडिटेशनचं ॲप द्या.

लाइनवरची
मी असेंब्लीला आहे. आमच्या लाइनवर बहुतेक बायकाच. भिंतीवर पोस्टर आहे, 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा'. आम्ही पाणी पीत नाही. प्यायलं की जावं लागतं, जायचं तर रिलिव्हर (तेवढ्या वेळात आपल्या जागी उभं राहणारं माणूस) लागतो आणि दोन लाइन मिळून रिलिव्हर एक. सुपरवायझर पुरुष, त्याला दोनदा काय सांगणार? उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला लघवीचा त्रास सुरूच असतो. मॅडम, एजन्सीच्या पैशात एक जास्तीची रिलिव्हर बसते का बघा. बजेटचं नाव काही का असेना.

हेल्पलाइनला मात्र नाव ठेवणार नाही. घरी दारू आहे, मारहाण आहे, हप्ते आहेत, कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. पण ती कंपनीच्या ॲपवर, कंपनीच्या नंबरने लॉगिन करून? कोणी बोलणार नाही.

फॅक्टरी_डॉक्टर
लाइनवरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. हेल्पलाइनसाठी तर पैसे मोजायचीही गरज नाही. सरकारची टेलिमानस २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवा. तिथे नंबर लिहून घेताना कुणी बघत नाही.

निवृत्त_टूलरूम
सगळे एजन्सीवर घसरलेत, मी थोडं उलट बोलतो. आमच्या काळी पिंपरीच्या कारखान्यात हा शब्दही नव्हता. २५० च्या वर कामगार असले की कॅन्टीन, १५० च्या वर विश्रांतीची खोली, ५०० ला वेलफेअर ऑफिसर, हे कायद्यानेच होतं आणि युनियन ते करून घेत असे. पण त्याच्या जोडीला कबड्डीची टीम होती, गणपतीत नाटक होतं. तेही आरोग्यच. पाळी सुधारेपर्यंत माणसाने खेळायचंच नाही, हा रात्रपाळी यांचा हट्ट मला पटत नाही. आमचा तिसऱ्या पाळीचा पोरगा मॅच असली की झोप मोडून यायचा. त्याला बोलवायला ॲप लागत नव्हतं.

रात्रपाळी
काका, तेव्हा तो पोरगा कायम होता. आता तो ठेकेदाराचा आहे. पुढच्या महिन्यात असेल की नाही, त्यालाच माहीत नाही. आणि खरी गोष्ट तिथेच आहे. एका कंपनीत शिबिर झालं, बीपी जास्त असलेल्यांची यादी ठेकेदाराकडे गेली आणि त्यातल्या काहींना 'उद्यापासून येऊ नको'. माझा मामेभाऊ त्यात होता. त्यानंतर तो कुठल्याच शिबिरात दंड पुढे करत नाही. तुमचे तीनशे कंत्राटी यात आहेत की नाहीत, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

चाकणची_एचआर
आहेत. एजन्सीच्या कोटेशनमध्ये नव्हते, आजच घालायला सांगितलं. रिपोर्ट बंद पाकिटात फक्त त्या माणसाला आणि कंपनीच्या डॉक्टरला, ठेकेदाराला आणि मलाही नाही, हे करारात लिहून घेणार. स्टेप चॅलेंज काढून टाकलं (पाळणा!), त्या जागी ऑडिओमेट्री. फेरतपासणीचे दोन तास भरपगारी मिळावेत म्हणून प्लांट हेडकडे जातेय, रिलिव्हरचंही बोलेन, शब्द देत नाही. योगवर्ग ठेवणार. त्यावर कितीही हसा, पॅकिंगच्या बायकांनी स्वतः मागितलाय.

रात्रपाळी
योगाला हरकत नाही, पाळीच्या वेळेत ठेवलात तर. आणि बंद पाकिटावर नाव लिहू नका, टोकन नंबर लिहा.

लाइनवरची
तपासणी उपाशीपोटी असेल तर पहिल्या पाळीच्या सुरुवातीला घ्या, लगेच नाश्ता द्या. मागे एकीला लाइनवरच चक्कर आली होती. आणि महिनाअखेर टाळा, डिस्पॅचच्या गडबडीत सुपरवायझर कुणालाच सोडणार नाही.