केए पासिंगची गाडी पुण्यात आणली आहे, एमएच करून घ्यावी का? अनुभवी लोकांचा सल्ला हवा

निळी_छत्री
नमस्कार मंडळी. नोकरी बदलल्यामुळे चार महिन्यांपूर्वी बंगळूरहून पुण्याला आले. गाडी २०१९ साली बंगळूरलाच नवी घेतलेली, पेट्रोल, केए-०५. तिथला लाइफ टॅक्स भरलेला आहे. कर्ज गेल्या वर्षी फिटलं, पण आरसीवर अजून बँकेचं नाव तसंच आहे. इथे ऑफिस घरापासून चालत पंधरा मिनिटांवर असल्यामुळे गाडी फारशी निघत नाही. महिन्यातून एकदा माहेरी बेळगावला जाते, तेवढंच.
एमएच पासिंग स्वतः करता येतं का, की एजंट लागतोच? टॅक्स सोडून वरखर्च ५ हजारांच्या आत बसवायचा आहे आणि दोनपेक्षा जास्त रजा मिळणार नाहीत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. गाडी विकायचा विचार नाही.

घाटवाट
ताई, विकून टाका. मी हैदराबादहून आलो तेव्हा जुनी तिथेच काढली आणि इथे आल्यावर नवी घेतली. साडेचौदा लाख ऑन रोड, सनरूफ, सहा एअरबॅग. शोरूममधून नंबर लागूनच बाहेर आली, आरटीओत एकदाही जावं लागलं नाही. २०१९ च्या गाडीवर पुन्हा टॅक्स भरण्यात काय अर्थ आहे?

जुना_चालक
एजंटशिवाय होत नाही. मी १८ हजार मोजले, पण रजा टाकावी लागली नाही. फक्त एकच चूक झाली. मूळ एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) त्याच्या हातात दिली आणि झेरॉक्स काढून ठेवली नाही. दीड महिना तो फोन उचलत नव्हता आणि माझ्याकडे कागद म्हणून काहीच नव्हतं. तेव्हा एजंट धरा, पण प्रत्येक कागदाचा फोटो आधी काढून ठेवा.

तिसरा_गिअर
मी बंगळूर ते नाशिक स्वतः केलंय, तेव्हा सविस्तर लिहितो.
सगळ्यात आधी एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, काढा. बाकी कशालाही त्याआधी हात लावू नका. बँकेकडून फॉर्म ३५ च्या दोन प्रती, सही-शिक्क्यासह, आणि सोबत कर्ज संपल्याचं पत्र. माझ्या पत्रावर ९० दिवसांची मुदत छापलेली होती, त्यामुळे आणून कपाटात ठेवायचं नाही, लगेच वापरायचं.
मग दोन्ही राज्यांतले ई-चलन तपासा. एकही बाकी ठेवू नका, एनओसी तिथेच अडकते.
त्यानंतर परिवहनच्या साइटवर मूळ आरटीओकडे एनओसीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २८. गाडी चोरीची नाही असा पोलिसांच्या नोंदीचा रिपोर्ट ऑनलाइन निघतो, तो जोडायचा. फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. हा नीट काढा, माझा पहिला प्रिंट पुसट म्हणून परत आला होता. चेसिस नंबर कुठे कोरलाय ते गाडीसोबतच्या पुस्तकात असतं. माझ्या गाडीत पुढच्या सीटखाली कार्पेटला कापलेली चौकट होती. आत वाळलेली माती. जुन्या टूथब्रशने घासली, कोरड्या फडक्याने पुसली, त्यावर पांढरी कागदी चिकटपट्टी दाबून बसवली आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवली. टोक वापरलं की पट्टी फाटते. सहा-सात प्रिंट एकदमच काढून ठेवा. माझी गाडी बंगळूरला न्यावी लागली नाही, प्रिंटवर काम झालं.
एनओसी आली की इथे फॉर्म २७ (नव्या नंबरचा अर्ज), टॅक्स, आणि गाडी इन्स्पेक्टरला दाखवायची. पत्त्याचा पुरावा, चालू विमा, पीयूसी आणि गाडी घेतली तेव्हाचं मूळ इनव्हॉइस जवळ ठेवा. टॅक्स इनव्हॉइसच्या किमतीवरून काढतात आणि गाडीच्या वयाप्रमाणे तो उतरतो. नव्या १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, तुमचा त्याहून कमी बसेल.
शेवटी विमा, फास्टॅग आणि नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट.

माई_आजरेकर
एक सांगते, कारण माझी एक फेरी यात फुकट गेली. एनओसी दोन असतात. बँकेची वेगळी, आरटीओची वेगळी. मी बँकेची घेऊन इथल्या खिडकीवर उभी राहिले आणि "एनओसी आणलीय" म्हणून सांगत राहिले. समोरचा म्हणे, ही नव्हे. मला वाटलं मुद्दाम अडवतोय. घरी आल्यावर मुलाने समजावलं तेव्हा कळलं.

अनुस्वार
यापेक्षा बीएच नंबर घ्या, म्हणजे भारत सीरिज, राज्य बदललं तरी नंबर तोच. माझी २३ बीएच आहे, तीन राज्यं फिरून झाली, एकदाही एनओसी नाही. २०२१ पासून ही सोय असताना लोक अजून फॉर्म २८ भरत बसतात याचं नवल वाटतं.

तिसरा_गिअर
@अनुस्वार, सगळ्यांना मिळत नाही हो. सरकारी नोकरी हवी, नाहीतर खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत हवीत आणि कंपनीने फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) द्यायला हवा. ताईंनी कंपनीबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

अनुस्वार
मिळत असेल तर घ्या, एवढंच म्हणणं आहे. जुन्या नंबरवरून बीएचमध्ये जाता येतं, २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियम बदललाय. टॅक्स पण एकदम भरायचा नाही, दोन-दोन वर्षांचा.

निळी_छत्री
सगळ्यांचे आभार. कंपनी लहान आहे, फक्त पुणे आणि बंगळूर. म्हणजे बीएच नाही.
@तिसरा_गिअर, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. बँकेला आज मेल केला.

सह्यकडा
ताई, चार महिने झाले म्हणता? ३० दिवसांत करायचं असतं. गाडी जप्त होऊ शकते. उद्याच्या उद्या जा.

वकिलीण
कृपया घाबरवू नका. ३० दिवस आहेत ते पत्ता बदलल्याची किंवा गाडी विकत घेणाऱ्याने नाव लावण्याची मुदत. परराज्यातली गाडी इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार १२ महिन्यांहून जास्त ठेवल्यास नवा नंबर घ्यावा लागतो. १९८८ चा कायदा आहे, वाचायला सोपा आहे.
गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा मात्र जवळ हवा. फास्टॅगचं स्टेटमेंट, भाडेकरार, जुन्या घराचं शेवटचं वीजबिल. फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि एनओसीबद्दल: अर्जावर ३० दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा असतो, काहीच कळवलं नाही तर ती दिली असं कलम ४८ मध्ये धरलंय. म्हणून अर्जाची पोच अजिबात हरवू नका.

सह्यकडा
कायदा काहीही असो, रस्त्यावर अडवल्यावर कलम कोण ऐकतं? माझ्या मेहुण्याला एका महिन्यात तीनदा थांबवलं होतं. मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

बेळगावचो_झिलगो
आमच्या केए-२२ ला हे रोजचंच आहे. आमची निम्मी सोयरीक कोल्हापूर-सांगलीत. लग्नाला, दवाखान्याला इकडून तिकडे जायचं आणि प्रत्येक वेळी "इथे कधीपासून?" म्हणून विचारणा. टोलचा मेसेज दाखवला की सोडतात, पण बरोबर म्हातारं माणूस असलं की तेवढा वेळही जिवावर येतो.

रिकामी_टाकी
टॅक्सबद्दल कुणी नीट लिहिलं नाही. इथला टॅक्स आधी पूर्ण भरायचा आणि जुन्या राज्याचा उरलेला परतावा नंतर मागायचा, तोही नवी आरसी हातात आल्यावर. म्हणजे काही काळ दोन्हीकडचे पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतात. मी ज्या राज्यातून आलो तिथे अर्ज देऊन ११ महिने झाले. दोनदा त्रुटी काढली, एकदा जुन्या आरसीच्या झेरॉक्सवर सही नाही म्हणून. मुलीच्या फीसाठी ते पैसे धरले होते. तेव्हा परतावा हिशेबात धरूच नका, आला तर आला.

घाटवाट
म्हणूनच म्हणतोय, विकून टाका.

पानशेतकर
वर म्हटल्याप्रमाणे एचपी आधी काढा. +१. आणि चलन भरा.

कोरी_सही
विकायचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. मी गाडी एका ओळखीच्याच माणसाला विकली. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, तारीख आणि नाव कोरं, "मी भरतो" म्हणाला. पैसे मिळाले, मी निर्धास्त. पावणेदोन वर्षांनी अपघाताची नोटीस माझ्या दारात. गाडी तोवर तिसऱ्याकडे गेली होती आणि आरसीवर नाव माझं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की भरपाईच्या दाव्यात आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. माझं प्रकरण अजून चालू आहे. बायकोला अजून पूर्ण रक्कम सांगितलेली नाही.
घरातल्या माणसाला द्या नाहीतर बाहेरच्या, नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी साइटवर बघेपर्यंत किल्ली सोडू नका.

वकिलीण
@कोरी_सही, वाचून वाईट वाटलं. विकणाऱ्यानेही कळवायचं असतं: राज्यातल्या राज्यात १४ दिवस, परराज्यात ४५. हे बहुतेकांना माहीतच नसतं. व्यक्तिगत निरोप पाठवते.

जुना_चालक
हे सगळं टाळायला एजंट बरा. माझ्या दुसऱ्या गाडीला मी पुन्हा एजंटच धरला, यावेळी १५ हजारांत झालं. नंबरही पसंतीचा घेतला, त्याचे पैसे वेगळे.

पानशेतकर
नऊ बेरजेचा का? आमच्याकडे सगळ्या गाड्या नऊ बेरजेच्या आहेत.

जुना_चालक
नाही, पाच. वडिलांच्या स्कूटरचाच नंबर मिळाला.

निळी_छत्री
मंडळी, चार दिवस हे सगळं वाचून आणि घरी बोलून निर्णय घेतला. बऱ्याच जणांना पटणार नाही, पण सांगते.
गाडी एमएच करत नाही, विकतही नाही. बेळगावला भावाच्या नावावर करतेय. बाबांना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि भाऊ सध्या रिक्षाने नेतो. रिक्षात चढताना बाबांना उजवा पाय हाताने उचलून आत ठेवावा लागतो, हे मागच्या महिन्यात बघितलं. माझ्या गाडीत ते सरळ बसतात. पुण्यात ती पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे आणि मी तिच्यासाठी पुन्हा टॅक्स भरायला निघाले होते. राज्य तेच, त्यामुळे लाइफ टॅक्स पुन्हा नाही आणि परराज्याची एनओसीही नाही. मी इथे बसने आणि चालत भागवेन, अगदी गरज पडली तर पुढे स्कूटर.
@कोरी_सही, तुमचं वाचून फॉर्म २९ आणि ३० वर तारखेसकट सगळं आधी भरलं आणि मगच सही केली. @बेळगावचो_झिलगो, म्हाताऱ्या माणसाबद्दल लिहिलंत तिथेच माझं ठरलं.

घाटवाट
पुण्यात गाडीशिवाय राहणं अवघड आहे, ताई. पावसाळ्यात कळेल. पैसे पण आले असते हातात.

सह्यकडा
भावाच्या नावावर करून परत पुण्यात आणू नका म्हणजे झालं. तेच १२ महिने पुन्हा सुरू होतील.

रिकामी_टाकी
चांगलं केलंत. परताव्याच्या मागे लागण्यातून सुटलात.

पानशेतकर
विम्याचं बघा. तुमचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) भावाला मिळतो, त्याला प्रीमियम कमी बसेल.

वकिलीण
नाही, एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नाही. ताई, कंपनीकडून तो राखून ठेवल्याचं पत्र घ्या. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतलीत तर तुम्हाला वापरता येतो. आणि विमा १४ दिवसांच्या आत भावाच्या नावावर करायला अर्ज द्या, ते विसरून चालणार नाही.

निळी_छत्री
हे माहीत नव्हतं, आजच फोन करते. बँकेचा फॉर्म ३५ आला, दोन प्रती, दोन्हींवर शिक्का आहे. काल रात्री पार्किंगमध्ये टॉर्च लावून चेसिसचे प्रिंट पण काढून ठेवले, अडीअडचणीला असावेत म्हणून. चौथ्या प्रयत्नात सगळे आकडे स्पष्ट उठले. शनिवारी पहाटे निघतेय.

तिसरा_गिअर
उत्तम. एक राहिलं: नाव बदललं की तुमचा फास्टॅग बंद करा आणि भावाला त्याच्या नावाचा घ्यायला सांगा. नाहीतर ते बाबांना घेऊन कोल्हापूरला गेले तरी पैसे तुमच्या खात्यातून जातील.